समुपदेशकाचे नाव वेळापत्रकात दिसू द्या

प्रति,
मुंबईतील शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षण विभागाचे अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडल्या की मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांशी करार करण्याचा हंगाम सुरू होतो. सह्या होतात, फोटो निघतो. मग दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी कधीतरी सगळ्या तुकड्या सभागृहात बसवून ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावर दीड तासाचे व्याख्यान होते. अहवालात त्याची नोंद जाते आणि वर्षाची जबाबदारी तिथे संपते. आम्ही मुंबईतल्या शाळांत जाऊन मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते आहोत. व्याख्यान संपल्यावर खुर्च्या उचलायच्या निमित्ताने एखादे मूल मागे रेंगाळते. त्याला काहीतरी सांगायचे असते. ते ऐकायला दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी नसते. हे आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आधी नियमाचे बोलू, कारण ‘हे काही सक्तीचे नाही’ असे आम्हाला अजूनही ऐकवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल 15 निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते सरकारी आणि खाजगी शाळा, महाविद्यालये, क्लासेस, वसतिगृहे या सगळ्यांना बंधनकारक आहेत. पट 100 किंवा त्याहून जास्त असेल तर बाल-किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा किंवा कराराने घ्यायचा. पट त्याहून कमी असेल तरच बाहेरच्या तज्ज्ञांकडे मूल पाठवण्याची रीतसर व्यवस्था पुरते. प्रत्यक्षात आठशे-हजाराचा पट असलेल्या शाळाही ही दुसरी सवलत स्वतःला लावून घेतात आणि एका संस्थेचा फोन नंबर सूचना फलकावर चिकटवून मोकळ्या होतात. त्याच निर्देशांत गुणांवरून तुकड्या पाडणे आणि मुलाचा चारचौघांत अपमान करणे शक्यतो टाळावे असेही आहे. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी उरलेल्यांची, हे आपल्या किती शाळांत चालू आहे ते आपणच पाहा. ‘ड’ तुकडीला आत्मविश्वासावर व्याख्यान द्यायला आम्हाला बोलावण्याआधी तुकड्या मिसळा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार वेळेची. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 या वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांना मानसिक आजाराचा त्रास असल्याचे आढळले. साठ मुलांच्या वर्गात ही चार मुले झाली. माध्यमिकचा पट 800 असेल तर 58. करारात समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतो असे धरा. एक सत्र 45 मिनिटांचे. नोंदी, वर्गशिक्षकांशी बोलणे, पालकांचे फोन हे सगळे धरले तर दिवसाला सहा सत्रांपेक्षा जास्त सत्रे नीट होत नाहीत. म्हणजे आठवड्याला बारा. त्या 58 मुलांना फक्त एकदा भेटायलाच पाच आठवडे जातात आणि प्रत्येकाला सहा सत्रे द्यायची तर एकोणतीस आठवडे. घटक चाचण्या, सहामाही, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन वजा केले की वर्ष संपले. शिवाय आजार नसलेली मुलेही येतात: वडील गेलेले, घर बदललेले, वर्गात छळ होत असलेले. आमचे स्पष्ट मत आहे की 500 मुलांमागे आठवड्याचे तीन दिवस यापेक्षा कमी वेळात हे काम होत नाही. ज्या करारात दिवस आणि तास लिहिलेले नाहीत, तो करार आम्ही करार मानत नाही. आणि जो वेळ ठरला आहे त्यात समुपदेशकाला ऑफ तासाला वर्गावर किंवा परीक्षेत पर्यवेक्षणाला पाठवू नका.

दुसरी तक्रार प्रश्नावल्यांची, आणि ती सगळ्यात गंभीर आहे. संस्था येते, एका दिवसात सगळ्या शाळेकडून प्रश्नावली भरून घेते आणि गठ्ठा बांधून घेऊन जाते. नैराश्यासाठी वापरली जाणारी एक प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते. नववा प्रश्न मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असा असतो. आठवीतली एक मुलगी त्यापुढे ‘जवळजवळ रोज’ या चौकोनात खूण करते, कागद उलटा घालून बाईंकडे देते आणि दप्तर उचलून घरी जाते. तो कागद संस्थेच्या कार्यालयात पोहोचतो, संगणकात भरला जातो, आणि तिचे नाव यादीत येईपर्यंत तीन आठवडे गेलेले असतात. तिच्या दृष्टीने तिने शाळेला सांगितलेले असते आणि शाळा गप्प बसलेली असते. पुढच्या वेळी ती त्या चौकोनात खूण करणार नाही.

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. एका दिवशी एकाच वर्गाची प्रश्नावली घ्यायची, तीही मधल्या सुट्टीआधी. नववा प्रश्न त्याच तासाला, तिथेच बसून तपासायचा. ‘मुळीच नाही’ सोडून दुसरे कुठलेही उत्तर असेल तर त्या मुलाशी शाळा सुटण्याआधी समुपदेशक एकट्यात बोलणार. शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रश्नावली घ्यायचीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्या मुलाची विचारपूस करायला कोणी नसते. आणि सापडलेल्या मुलांना पुढच्या दोन आठवड्यांत वेळ देण्याइतकी माणसे संस्थेकडे नसतील तर प्रश्नावली घेऊच नये.

तिसरी तक्रार खोलीची. आम्हाला मिळते ती बहुतेक अडगळीची खोली, प्रयोगशाळेचा कोपरा किंवा मुख्याध्यापकांच्या केबिनला फळी लावून केलेली जागा, जिथे पलीकडची खोकल्याची उबळसुद्धा ऐकू येते. मुंबईत जागा नाही हे आम्हाला कळते. मोठी खोली नकोच आहे. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता किंचित तिरक्या ठेवता याव्यात, पंखा असावा, दाराला वरच्या बाजूला काच असावी म्हणजे आतली माणसे दिसतील पण आवाज बाहेर जाणार नाही, आणि स्टाफरूमसमोरून जावे लागू नये. एवढे पुरते. खोलीपेक्षा जास्त नुकसान बोलावण्याच्या पद्धतीने होते. शिपाई वर्गाच्या दारात येऊन मोठ्याने म्हणतो, ‘अमक्याला समुपदेशनवाल्या मॅडमनी बोलावलंय.’ साठ माना वळतात. मधल्या सुट्टीत त्याचे नाव ‘मेंटल’ पडते आणि तो पुन्हा येत नाही. त्याऐवजी आठवड्याच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांकडे बंद पाकिटात वेळा द्याव्यात. मुलाने ठरलेल्या वेळी ग्रंथालयाचे पुस्तक किंवा डायरी घेऊन स्वतः उठून जावे. त्याचा पीटीचा तास त्यासाठी घेऊ नये, कारण काही मुलांना आठवड्यात मोकळा श्वास तेवढाच मिळतो.

भाषेचे थोडक्यात सांगतो. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि कित्येकदा एकाच इमारतीत तीन-तीन माध्यमे असतात. तिथे फक्त इंग्रजीत शिकलेला आणि इंग्रजीतच भावना विचारणारा समुपदेशक निरुपयोगी ठरतो. मुले ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत. ‘करमत नाही’, ‘डोकं आऊट होतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘पोटात दुखतं’ म्हणतात, आणि ते ‘पोटात दुखणं’ रोज गणिताच्या तासालाच होते. एका इमारतीतल्या शाळांनी मिळून एक पूर्णवेळ माणूस घ्यावा आणि दुसऱ्या भाषेसाठी ठरलेल्या दिवशी दुसरा. ऑनलाइन सत्रांवर मात्र विसंबू नका. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे आणि घरात मिळून एक फोन असताना ते मूल आईसमोर आईबद्दल काय बोलणार?

चौथी तक्रार माणसे बदलण्याची. वर्षात तीन समुपदेशक आले की मुलाला तीच गोष्ट तीनदा पहिल्यापासून सांगावी लागते. चौथ्यांदा ते सांगत नाही. करारात लिहा: तीच व्यक्ती संपूर्ण शैक्षणिक वर्ष. सोडून जायची वेळ आली तर नव्या व्यक्तीबरोबर किमान दोन संयुक्त सत्रे. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्याकडे नोंदणीचा पुरावा सहसा कोणी मागत नाही, म्हणून आपण मागा. पदवी कोणती, मुलांबरोबर देखरेखीखाली किती काम केले, पोलीस पडताळणी झाली आहे का, दर आठवड्याला वरिष्ठ तज्ज्ञाची एक तासाची देखरेख कोण देते, हे विचारा. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असली पाहिजे. एमएचे विद्यार्थी वर्गातली सत्रे चांगली घेतात, परंतु जिवाला धोका असलेले मूल त्यांच्या एकट्याच्या हाती देणे त्या मुलावरही अन्याय आहे आणि त्या शिकाऊ विद्यार्थ्यावरही.

पाचवी तक्रार चिठ्ठीची. ‘मानसोपचार विभागात दाखवा’ असे लिहून पालकांच्या हातात कागद दिला की शाळा आणि संस्था दोघींना वाटते आपले काम झाले. आता मानखुर्दहून शीवला निघालेली आई डोळ्यांसमोर आणा. हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून शीव, मग केसपेपरची रांग, मग विभाग शोधणे. ओपीडी सकाळची, म्हणजे त्या दिवसाची कामे बुडाली. विभाग सापडेपर्यंत वेळ संपते आणि ‘उद्या या’ ऐकून ती परत येते. पुन्हा जात नाही आणि शाळेला वाटते पालक बेफिकीर आहेत. शीव, केईएम, नायर, कूपर ही महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि तिथे मानसोपचार विभाग आहेत. आपल्या शाळेला जवळचे कोणते, ओपीडीचे वार कोणते, कुठल्या मजल्यावर, कोणाला भेटायचे, हे संस्थेने वर्षाच्या सुरुवातीलाच जाऊन विचारून यावे आणि चिठ्ठीवर पालकांना वाचता येईल अशा भाषेत लिहावे. पहिल्या भेटीला संस्थेचा समाजकार्यकर्ता सोबत जाईल आणि आठ दिवसांनी ‘गेलात का, काय सांगितले’ हे विचारणारा फोन होईल, ही दोन वाक्ये करारात आली तर निम्म्याहून अधिक गळती थांबेल असे आम्हाला वाटते. पालकांच्या भेटी संध्याकाळी साडेसहानंतर किंवा शनिवारी ठेवा. दुपारी दोनला बोलावून आले नाहीत म्हणून नोंद करू नका.

गुप्ततेबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही शाळा ‘त्याने तुम्हाला काय सांगितले’ याची पानभर माहिती मागतात, आणि ती स्टाफरूममध्ये, पुढे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरते. काही समुपदेशक उलट मुलाला ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊन बसतात. पहिल्या सत्रातच मुलाला त्याच्या भाषेत सांगायचे: इथले बोलणे इथेच राहते, पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्याकडून दुसऱ्याला धोका असेल किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला ते योग्य माणसाला सांगावे लागेल आणि आधी तुला सांगूनच मी ते करीन. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेचे नाव जाईल म्हणून ‘आधी आतल्या आत पाहू’ असे म्हणणे हा कलम 21 खाली गुन्हा ठरतो, हे विश्वस्तांच्या बैठकीत एकदा वाचून दाखवा. बाकी शिक्षकांना फक्त उपयोगाचे तेवढे सांगावे: त्याची जागा पुढे घ्या, दोन आठवडे तोंडी प्रश्न विचारू नका, पाणी प्यायला बाहेर जाऊ द्या. नोंदी कुलपात, नावाऐवजी क्रमांकाने. प्रगतिपुस्तकात किंवा दाखल्यावर एक अक्षरही नको.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. मूल मरणाची भाषा बोलते तेव्हा शाळेत धावपळ होते आणि नेमके चुकीचे घडते: त्याला केबिनबाहेर एकटे बसवतात, आईवडिलांना फोनवर ओरडून सांगतात, किंवा ‘घरी जा, आराम कर’ म्हणून एकट्याला लोकलने पाठवतात. क्रम असा हवा. त्या क्षणापासून एक ओळखीचे मोठे माणूस त्याच्याजवळ राहील, त्याला एका मिनिटासाठीही एकटे सोडायचे नाही. पंधरा मिनिटांत संस्थेच्या ठरलेल्या व्यक्तीशी फोनवर बोलणे होईल. पालकांना शाळेत बोलावून मूल त्यांच्या हाती समक्ष दिले जाईल आणि घरातली औषधे, विषारी वस्तू कुलपात ठेवायला सांगितले जाईल. धोका लगेचचा असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, ती चोवीस तास उघडी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. मूल शाळेत परत येईल त्या दिवशी पालक, वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांची वीस मिनिटांची बैठक. शिक्षकांना भीती वाटते की विचारले तर डोक्यात नसलेला विचार येईल. तसे होत नाही. ‘जगू नये असं वाटतं का रे?’ असे सरळ आणि शांतपणे विचारले की बहुतेक मुलांच्या खांद्यावरचे ओझे उतरते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरते, शिक्षेचा विषय मानत नाही. तेव्हा अशा मुलाच्या पालकांना ‘दाखला काढून न्या’ असे सुचवणे बंद झाले पाहिजे. ते मूल ज्या वर्षी शाळेशी सर्वांत घट्ट जोडलेले राहायला हवे, त्याच वर्षी आपण त्याला दाराबाहेर काढतो.

आणि एखादे मूल खरोखरच गेले तर संपूर्ण शाळेची सभा घेऊन, कसे घडले याचे वर्णन करून, फोटोला हार घालू नका. त्याने आधीच काठावर असलेल्या मुलांचा धोका वाढतो. वर्गावर्गांत, छोट्या गटांत, वर्गशिक्षक आणि समुपदेशक मिळून बोला. बाकावरचा जोडीदार, जवळचे मित्र, भावंडे यांना पहिल्याच दिवशी एकेकटे भेटा. संस्थेने किमान तीन दिवस पूर्णवेळ शाळेत बसले पाहिजे, आणि हेही करारात आधीच लिहिलेले हवे. त्या सकाळी दर ठरवत बसायला कोणाला वेळ नसतो.

आमच्या मागण्या:

शाळा उघडल्यापासून तीस दिवसांत प्रत्येक शाळेने समुपदेशकाचे नाव, वार, वेळ आणि खोली छापील वेळापत्रकात घालावी, जसा चित्रकलेचा तास असतो तसा.

शिक्षण विभागाने करारपत्राचा एकच नमुना काढावा. त्यात तास, पात्रता, साप्ताहिक देखरेख, गुप्ततेच्या मर्यादा, आणीबाणीतला क्रम, जवळच्या रुग्णालयाशी ठरवलेली वाट आणि करार मध्येच तुटला तर चालू मुलांची सत्रे कोण पूर्ण करील, ही कलमे असावीत.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी या खर्चाची स्वतंत्र तरतूद व्हावी. तो पालकांच्या वर्गणीतून किंवा संस्थांच्या देणग्यांतून भागवू नये, कारण देणगी आटली की समुपदेशक मध्येच निघून जातो.

शिक्षकांचे प्रशिक्षण न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे वर्षातून दोनदा व्हावे, आणि त्यात शिपाई, बसमधल्या ताई, सुरक्षारक्षक यांनाही बसवावे. मूल रडताना बहुतेक वेळा आधी त्यांनाच दिसते.

2022 च्या शासन निर्णयानुसार मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत स्थापायच्या सखी सावित्री समितीच्या बैठकीला करार केलेल्या संस्थेची व्यक्ती हजर असावी.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098 हे क्रमांक मुलांच्या स्वच्छतागृहांच्या दारांवर आतल्या बाजूने लावावेत. कार्यालयाबाहेरच्या फलकावर ते सगळ्यांसमोर उतरवून घ्यायला कोणी थांबत नाही.

वर्षअखेरीस शाळेने नावे न देता फक्त आकडे जाहीर करावेत: किती सत्रे ठरली होती, किती झाली, किती मुलांना रुग्णालयात पाठवले आणि त्यांतली किती प्रत्यक्षात पोहोचली.

करारपत्राच्या नमुन्याचा पहिला मसुदा लिहायला, प्रश्नावलीच्या दिवशी बसायला आणि शिक्षकांची पहिली दोन प्रशिक्षणे विनामोबदला घ्यायला आम्ही तयार आहोत. पूर्वपरीक्षेची वाट न पाहता, पहिल्या घटक चाचणीआधी आपण तारीख कळवावी.

आपले,
मुंबईतल्या शाळांमध्ये काम करणारे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते